आपल्या नावाचे घर

घर कोणाला नको? पाखरूसुद्धा काडी काडी जमवून घरटे बांधते. माणसाला तर घर हवेच. पण घर बांधायचे म्हणजे पैसा हवा. ज्याचा पाय अधू आहे, ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, ज्याची बरीचशी मिळकत म्हणजे दरमहा येणारे सरकारी अनुदान, त्याने काय करायचे? त्याला घरासाठी कर्ज मिळते का? मिळाले तर ते फिटते का?

हा प्रश्न आम्हाला पुष्कळ जण विचारतात. म्हणून आज आपण त्याचाच विचार करू. पूर्वी आपण 'अपंग' म्हणत होतो. आता सरकारी कागदात 'दिव्यांग' असा शब्द असतो. कागद वाचताना तो ध्यानात ठेवावा.

मामा आणि दादा

आपण एक मामा डोळ्यांसमोर धरू. असे मामा गावोगावी आहेत. त्यांचे वय ४५. लहानपणी पोलिओ झाला आणि डावा पाय वाळला. कुबडी घेऊन चालतात. ओट्यावर बसून शिवणकाम करतात. त्यात महिन्याला १,८०० रुपये सुटतात. मामी मजुरीला जातात. त्यांचे महिन्याकाठी २,००० होतात. शिवाय मामांना संजय गांधी निराधार अनुदान मिळते. महाराष्ट्रात दिव्यांगांना हे अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा २,५०० रुपये झाले आहे. म्हणजे घरात महिन्याला एकूण ६,३०० रुपये येतात.

मामांचे घर वडिलोपार्जित. अर्ध्यात थोरले भाऊ राहतात, अर्ध्यात मामा. मामांच्या बाजूची भिंत खचली. पावसात घरभर भांडी मांडावी लागतात. एके दिवशी मामा भावाला म्हणाले,

"दादा, औंदा घराचं काही तरी करायला हवं. कर्ज काढावं म्हणतो."

दादा म्हणाले, "अरे, तुला कोण कर्ज देणार? तुला ना पगार, ना धड पाय. माझ्या नावानं काढू. घर बी माझ्याच नावावर राहू दे. तू राहा की सुखानं. मी काय तुला बाहेर काढणार हाय?"

दादा मनाने वाईट नाहीत. ते मायेनेच बोलले. पण मंडळी, इथेच थांबून विचार केला पाहिजे. हप्ते मामांच्या अनुदानातून जाणार आणि घर दादांच्या नावावर होणार. आज दादा आहेत. उद्या त्यांची मुले असतील, सुना असतील. तेव्हा मामा-मामी स्वतःच्या पैशाने बांधलेल्या घरात आश्रित ठरतील. माया असावी. पण घराला माया पुरत नाही, कागद लागतो.

कायदा काय म्हणतो

"तुला कोण कर्ज देणार?" या प्रश्नाला कायद्याने उत्तर दिलेले आहे. २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्याचे १३ वे कलम सांगते, की दिव्यांग माणसाला इतरांच्या बरोबरीने मालमत्ता बाळगण्याचा, वारसाने घेण्याचा आणि आपला पैसा आपण सांभाळण्याचा हक्क आहे. बँकेचे कर्ज मिळवण्याची वाटही त्याला इतरांइतकीच मोकळी हवी. अंध माणसाला बँकेने कर्ज धरून सर्व सेवा भेदभाव न करता द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेने २००८ सालीच बजावले आहे.

मात्र याचा अर्थ नीट समजून घ्यावा. बँकेने कर्ज दिलेच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. परतफेडीची ऐपत बँक पाहणारच. जागेचा कागद पाहणारच. ते ती सर्वांचे पाहते. पण 'पाय अधू आहे' हे नकाराचे कारण होऊ शकत नाही.

आधी जागा आपली करा

मामांचे पहिले काम बँकेत जाणे नव्हे. पहिले काम ग्रामपंचायतीत जाणे. तिथे नमुना ८ चा उतारा मिळतो. आपल्या घराची नोंद कोणाच्या नावाने आहे, ते त्यात दिसते. मामांनी उतारा काढला. त्यावर फक्त दादांचे नाव होते! वडील गेले तेव्हा थोरल्याचे नाव लागले, धाकट्याचे राहून गेले.

असे पुष्कळ घरांत होते. म्हणून मामांनी दादांशी गोडीने बोलावे. रीतसर वाटणीपत्र करून त्याची नोंद करून घ्यावी. मामांच्या वाटणीवर मामांचे नाव लावून घ्यावे. मामींचेही लावता आले तर उत्तमच.

आणखी एक गोष्ट. नमुना ८ हा घरपट्टीच्या आकारणीचा कागद आहे. तो मालकीचा पक्का पुरावा नव्हे. म्हणून बँक कधी कधी त्यावर समाधान मानत नाही. २०२० साली केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. तिच्यात ड्रोनने गावठाणाची मोजणी होते आणि घरमालकाला मिळकत पत्रिका मिळते. तुमच्या गावची मोजणी झाली असेल, तर ती पत्रिका काढून घ्या. बँकेत तिचे वजन जास्त पडते.

कर्जाआधी घरकुल

विहिरीला पाणी असताना कोणी पाणी विकत घेतो का? नाही ना? मग जी मदत परत फेडायची नसते, ती आधी पाहावी. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ साली सुरू झाली. तिच्यात सपाट भागात १,२०,००० रुपये आणि डोंगरी भागात १,३०,००० रुपये मिळतात. हे पैसे टप्प्याटप्प्याने आपल्या बँक खात्यात येतात. राज्य सरकारने २०२५ पासून त्यात भर घालण्याचे ठरवले आहे. आपल्याला किती लागू होते, ते ग्रामसेवकांना विचारावे. आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात.

दिव्यांगांसाठी या योजनेत तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. शक्यतो शंभरात पाच लाभार्थी दिव्यांग असावेत, असे योजनेत सांगितले आहे. दिव्यांगांच्या वाट्यातून घरकुल मंजूर झाले, तर ते त्या दिव्यांग माणसाच्याच नावावर द्यायचे असते. आणि दिव्यांगाला स्वतः उभे राहून बांधकाम करून घेणे जमत नसेल, तर गवंड्यांच्या प्रशिक्षणातून त्याचे घर बांधून द्यावे, अशीही सोय ठेवली आहे.

यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, दिव्यांगत्वाचा दाखला. तो ४० टक्के किंवा जास्त असावा. दुसरी, घरकुलाच्या यादीत नाव. ग्रामसभेत यादी वाचली जाते, तेव्हा घरी बसू नका. चालता येत नसेल तर कोणाला तरी बरोबर घेऊन जा.

हप्त्याचा हिशेब

समजा, दोन खोल्यांच्या घराला २,१०,००० रुपये खर्च येतो. घरकुलाचे १,२०,००० मिळाले. जुन्या घराचे लाकूड-दगड आणि गाठीचे पैसे मिळून ३०,००० झाले. मग तूट राहिली ६०,००० रुपयांची. कर्ज काढायचे ते एवढ्याच रकमेचे. शेजाऱ्याने तीन खोल्या बांधल्या म्हणून आपण बांधू नयेत.

आता हप्ता किती झेपेल? मामांच्या घरात येतात ६,३००. किराणा, औषध, वीज, मुलांची शाळा यांना जातात ४,८००. उरले १,५००. त्यातले ५०० आजारपणासाठी बाजूला ठेवावेत. म्हणजे हप्ता १,००० रुपयांच्या आत हवा.

समजा, बँकेचे व्याज वर्षाला शेकडा १० आहे. मग ६०,००० रुपयांचा हिशेब असा होतो:

५ वर्षांत फेडले तर महिन्याला सुमारे १,२७५ रुपये. एकूण भरणा सुमारे ७६,५००.

७ वर्षांत फेडले तर महिन्याला सुमारे ९९६ रुपये. एकूण भरणा सुमारे ८३,७००.

१० वर्षांत फेडले तर महिन्याला सुमारे ७९३ रुपये. एकूण भरणा सुमारे ९५,१००.

पाच वर्षांचा हप्ता मामांना झेपत नाही. सात वर्षांचा अगदी काठावर आहे. दहा वर्षांचा झेपतो, पण व्याज जास्त जाते. मग काय करावे? दहा वर्षांचा घ्यावा. लग्नसराईत शिवणकाम वाढते. तेव्हा चार पैसे आगाऊ भरावेत, म्हणजे व्याज कमी होते. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर असे आगाऊ पैसे भरले, तर बँकेला त्यासाठी दंड घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा तसा नियम २०१२ पासून आहे.

आणि सावकाराकडून काढले तर? शेकडा तीन रुपये महिना, असे तो सहज बोलतो. कानाला ते थोडे वाटते. पण ६०,००० वर महिन्याला १,८०० रुपये नुसते व्याज झाले. पाच वर्षांत १,०८,००० रुपये व्याज भराल आणि मूळचे ६०,००० डोक्यावर तसेच!

कर्ज कोठे मागावे

घरकुल मंजूर झालेल्याला हवे असल्यास ७०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळवून देण्यास साहाय्य करावे, असे त्याच योजनेत म्हटले आहे. म्हणून मंजुरीचा कागद घेऊन बँकेत जावे. मामी बचत गटात असतील, तर गटाकडेही विचारावे.

बँकेत जाताना दिव्यांग दाखला, आधार कार्ड, अनुदान जमा होते ते पासबुक, जागेचा कागद आणि खर्चाचा अंदाज बरोबर न्यावा. मामींना सहकर्जदार करावे. दादांना जामीन राहायला सांगावे. दादांची माया इथे खरी उपयोगी पडेल.

मिळकत आहे तेवढीच सांगावी. अनुदान घेताना उत्पन्न कमी आणि कर्ज घेताना जास्त, असे दोन तोंडी बोलू नये. दोन कागद समोरासमोर आले की दोन्हीकडून अडचण. "कर्ज काढलं तर अनुदान बंद होतं," असे कोणी म्हणेल. त्याला सांगा, कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे. ते परत फेडायचे असते.

बँकेने नाही म्हटले, तर चिडू नका आणि गप्पही बसू नका. "साहेब, कारण लिहून द्या," एवढे नम्रपणे म्हणा. कारण कागदाचे असेल तर कागद पुरा करा. कारण अधूपणाचे असेल तर बँकेकडे लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला पैसे पडत नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा फोन नंबर आहे. पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालय आहे. तिथेही अर्ज करता येतो.

दोन धोके

पहिला धोका. अनुदान कधी कधी उशिरा येते. हयातीचा दाखला द्यायचा राहिला तर अडकते. पण बँकेचा हप्ता थांबत नाही. म्हणून कर्ज उचलण्याआधीच तीन हप्त्यांचे पैसे, म्हणजे सुमारे २,४०० रुपये, खात्यात वेगळे ठेवावेत. त्यांना हात लावू नये.

दुसरा धोका. बोलू नये, पण बोलले पाहिजे. मामांचे बरेवाईट झाले तर त्याच महिन्यापासून अनुदान थांबेल. कर्ज मात्र मामींच्या गळ्यात राहील. यावर उपाय आहे. १८ ते ५० वर्षे वयात प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा बँकेतूनच काढता येतो. वर्षाला ४३६ रुपये पडतात. माणूस गेला तर वारसाला २ लाख रुपये मिळतात. कर्ज फिटून मामींच्या हाती काही उरेलही.

घर बांधताना

घर आपल्यासाठी बांधतो आहोत, हे विसरू नये. मामांच्या घराला उंच जोते आणि चार पायऱ्या काय कामाच्या? जोते बेताचे ठेवावे. उतार करायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरावी. दार तीन फूट रुंद ठेवावे. संडासात भिंतीला धरायला दांडी बसवावी. हे बांधतानाच केले तर खर्च थोडा येतो. मागाहून फोडाफोड करावी लागते.

आता पुन्हा दादांकडे जाऊ. मामांनी हा सगळा हिशेब त्यांच्यापुढे मांडला. दादांनी बराच वेळ कागद पाहिला. मग म्हणाले, "एवढं तू कधी शिकलास?"

मामा म्हणाले, "रात्रीच्या वर्गाला जातो ना, दादा. आधी सही शिकलो. मग वाटलं, नुसती सही येऊन काय उपेग? कशावर सही करतोय ते बी वाचता आलं पाहिजे."

दादा हसले आणि त्यांनी वाटणीपत्रावर सही केली.

ध्यानात ठेवा

१. आधी जागा नावावर, मग घरकुल, मग राहिलेल्या तुटीपुरतेच कर्ज.

२. हप्ता आपल्या शिलकीत बसला पाहिजे.

३. अनुदान थांबले तरी हप्ता थांबत नाही. तीन हप्ते गाठीला ठेवा.

४. पैसा ज्याचा, घर त्याच्या नावावर. वाचल्याशिवाय सही किंवा अंगठा करू नका.

करून पाहा

आपल्या घराचा नमुना ८ चा उतारा काढून आणा. वर्गात मोठ्याने वाचा. त्यावर कोणाकोणाची नावे आहेत? कोणाचे नाव राहून गेले आहे?