टाइमलाइनची जुळणी

वेबपानावरच्या उभ्या टाइमलाइनचे भाग मोजकेच असतात: तारीख, ठिपका, ठिपक्यांना जोडणारी रेघ आणि नोंदीचा मजकूर. ठिपक्याचे आणि रेघेचे माप डेव्हलपर स्वतः ठरवतो. तारीख किती लांब असेल आणि मजकूर किती ओळींचा होईल, हे मात्र मजकुरावर, फॉन्टवर आणि स्क्रीनवर अवलंबून असते. जुळणी बिघडते ती बहुधा या दोन प्रकारच्या मापांच्या सांध्यावर. म्हणून ठिपक्याची आणि रेघेची जागा न ठरलेल्या मापांवरून काढायची, हे या कामाचे मुख्य सूत्र.

पहिला प्रश्न आडव्या जुळणीचा. मुंबईच्या रेल्वेची टाइमलाइन करायची आहे असे धरू. एक नोंद १६ एप्रिल १८५३ ची, बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली त्या दिवसाची; दुसरी ३ फेब्रुवारी १९२५ ची, विजेवरची पहिली गाडी कुर्ल्यापर्यंत गेली तेव्हाची. दोन्ही तारखांची रुंदी वेगळी. प्रत्येक नोंद स्वतंत्र ग्रिड असेल आणि तारखेच्या स्तंभाची रुंदी मजकुरावर सोडली असेल, तर प्रत्येक नोंद आपल्यापुरतेच माप घेते आणि ठिपके एका रेषेत राहत नाहीत. तारखेला ठरावीक रुंदी देणे हा साधा उपाय. सबग्रिडचा उपाय अधिक पक्का: स्तंभ पूर्ण यादीवर आखायचे आणि प्रत्येक नोंदीने तेच वापरायचे. मग सर्वांत लांब तारीख सगळ्यांची रुंदी ठरवते. फायरफॉक्समध्ये ही सोय २०१९ मध्ये आली, सफारीत २०२२ मध्ये आणि क्रोममध्ये २०२३ मध्ये.

दुसरा प्रश्न उभ्या जुळणीचा. ठिपका संपूर्ण मजकुराच्या मध्यावर नव्हे, पहिल्या ओळीच्या मध्यावर हवा; नाहीतर लांब नोंदीत तो खाली घसरतो. अक्षरे १६ पिक्सेलची आणि लाइन-हाइट १.५ असेल, तर ओळीची उंची २४ पिक्सेल होते. १२ पिक्सेलचा ठिपका तिच्या मध्यावर आणायला वरून ६ पिक्सेल सोडावे लागतात. हा ६ आकडा थेट लिहून ठेवला, की शीर्षक २० पिक्सेलचे होताच चुकतो. तेव्हा ओळ ३० पिक्सेलची होते आणि ९ पिक्सेल सोडावे लागतात. सीएसएसमध्ये आता एका ओळीच्या उंचीचे एकक आहे. त्यातून ठिपक्याची उंची वजा करून निम्मे केले, की ब्राउझर अंतर स्वतः काढतो. फक्त हे एकक त्या त्या घटकाचीच लाइन-हाइट धरते, त्यामुळे ठिपक्याच्या घटकाला शीर्षकाचाच फॉन्ट-आकार आणि लाइन-हाइट द्यावी लागते. ठिपक्याला बॉर्डर असेल तर तीही मोजावी. बॉक्स-सायझिंग बदललेले नसेल, तर १२ पिक्सेलचा ठिपका दोन्ही बाजूंच्या २ पिक्सेल बॉर्डरमुळे १६ पिक्सेलचा होतो.

देवनागरीत गणित बरोबर येऊनही ठिपका वरखाली दिसू शकतो. अक्षराचा मुख्य भाग शिरोरेषेपासून खाली येतो. वेलांटी आणि रफार वर जातात, उकार खाली उतरतो. या सगळ्यासाठी वर-खाली किती जागा ठेवायची हे फॉन्ट करणारा ठरवतो. त्यामुळे ओळीचा मध्य आणि अक्षरांचा दिसणारा मध्य एकच असेल असे नाही. वापरात असलेल्या फॉन्टवर पाहूनच एखाद्या पिक्सेलची दुरुस्ती करावी लागते.

आता रेघ. संपूर्ण यादीला एकच रेघ दिली, तर ती शेवटच्या ठिपक्याखाली त्या नोंदीच्या तळापर्यंत लोंबते. म्हणून प्रत्येक नोंदीने आपल्या ठिपक्याच्या मध्यापासून पुढच्या ठिपक्याच्या मध्यापर्यंत रेघ ओढायची आणि शेवटच्या नोंदीने ओढायचीच नाही. पहिल्या ओळीचा मध्य १२ पिक्सेलवर आणि नोंदींमधले अंतर ३२ पिक्सेल असेल, तर रेघ नोंदीच्या तळाखाली ४४ पिक्सेल जायला हवी. हे अंतर विसरले, की रेघ तुटक दिसते. रेघेला अ‍ॅब्सोल्यूट पोझिशन दिली, तर नोंदीला रिलेटिव्ह द्यावी. अन्यथा रेघ वरच्या कुठल्यातरी घटकापासून मोजली जाते. पोकळ ठिपका रेघेच्या वर ठेवून त्यात पानाचाच रंग भरावा, म्हणजे आतून रेघ दिसत नाही.

ठिपक्याची आणि रेघेची रुंदी दोन्ही सम किंवा दोन्ही विषम असावी. १२ पिक्सेलच्या ठिपक्यामागे ३ पिक्सेलची रेघ मध्यावर आणायची तर अर्धा पिक्सेल उरतो. साध्या घनतेच्या स्क्रीनवर मग रेघ एका बाजूला सरकते किंवा तिची कड पुसट होते. २ पिक्सेलची रेघ नेमकी मध्यावर बसते.

मोबाइलवर तारखेला वेगळा स्तंभ परवडत नाही. ती शीर्षकाच्या वर जाते. आता पहिली ओळ तारखेची, म्हणून ठिपक्याचे वरचे अंतरही तारखेच्या ओळीवरून घ्यायचे.

शेवटी तपासणी. घटकांच्या कडा पाहण्यासाठी तात्पुरती बॉर्डर लावू नये, कारण ती जागा घेते आणि मोजमापच बदलते. आउटलाइन जागा घेत नाही. एका ओळीची आणि दहा ओळींची नोंद, सर्वांत लांब तारीख, एकच नोंद असलेली यादी, ३२० पिक्सेलची रुंदी आणि दुप्पट केलेला अक्षर-आकार, एवढ्या परिस्थितींत ठिपका पहिल्या ओळीशी आणि रेघेच्या मध्याशी जुळत असेल, तर काम पूर्ण झाले.