मूलरूप : अर्थाने की आकाराने?

रिसीव्ह, डिसीव्ह, कन्सीव्ह, पर्सीव्ह ही इंग्रजी क्रियापदे शेजारी मांडली असता ‘सीव्ह’ हा अंश सर्वांत समान असल्याचे सहज ध्यानात येते. त्याचे मूळही निश्चित आहे. ‘घेणे, पकडणे’ या अर्थाचा लॅटिन धातू ‘कापेरे’ हा उपसर्ग लागताच ‘-किपेरे’ असा बदलतो, आणि जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत येताना त्याला ‘सीव्ह’चे रूप प्राप्त होते. परंतु मूळ सांगितल्याने प्रश्न सुटत नाही. रिसीव्हमध्ये ‘घेणे’ दिसते. डिसीव्ह म्हणजे मात्र फसविणे. लॅटिनमध्ये ‘सापळ्यात पकडणे’ असा दुवा लागतो खरा, पण आजच्या इंग्रजी भाषकाच्या मनात तो नसतो. रूपिम म्हणजे भाषेचा लघुतम सार्थ घटक, ही रूढ व्याख्या स्वीकारल्यास ‘सीव्ह’ला रूपिम म्हणता येत नाही, आणि तसे न म्हणावे, तर या शब्दांतील साम्य योगायोग ठरते.

तो योगायोग नव्हे. यांची नामे रिसेप्शन, डिसेप्शन, कन्सेप्शन, पर्सेप्शन अशी होतात. उलट, ध्वनीने जवळच्या बिलीव्हचे नाम बिलीफ होते. ‘बिलेप्शन’ कोणी म्हणत नाही. म्हणजे अर्थाने विखुरलेले हे शब्द आकाराने एकाच नियमाखाली वागतात. मार्क ॲरोनॉफ यांनी १९७६ साली परमिट–परमिशन, सबमिट–सबमिशन, रिमिट–रिमिशन अशा जोड्यांवरून हाच मुद्दा मांडला : ‘मिट’ला स्थिर अर्थ नाही, तरी त्याचे ध्वनिविकार ठरलेले असल्यामुळे तो भाषेचा घटक मानावा लागतो. हे प्रतिपादन ग्राह्य वाटते. शब्दसंग्रह वाढविण्यासाठी धातूंच्या याद्या पाठ करविणारी पुस्तके प्रत्येक धातूपुढे एकेक अर्थ लिहितात. डिसीव्हपाशी ती विद्यार्थ्याला वाऱ्यावर सोडतात.

इतिहासाने जोडलेले सर्वच शब्द या गटात येत नाहीत, हेही लक्षात घेतले पाहिजे. कॅच आणि चेस हे दोन्ही शब्द याच लॅटिन कुळातले, फ्रेंचच्या दोन बोलींतून आलेले. ग्रिमच्या नियमानुसार मूळ ‘क’चा जर्मानिक शाखेत ‘ह’ होतो. त्यामुळे ‘उचलणे’ या अर्थाचा हीव्हही कापेरेचा सगोत्र ठरतो. (हॅव्ह आणि लॅटिन ‘हाबेरे’ यांचे साम्य मात्र फसवे आहे.) पण हीव्हचे ‘हेप्शन’ होत नाही. व्युत्पत्तीने सिद्ध झालेले मूळ आणि चालू भाषेच्या रचनेत कार्य करणारे मूलरूप या दोन वेगळ्या वस्तू होत, आणि कोशकाराने त्या वेगळ्याच नोंदविल्या पाहिजेत.

इंग्रजीने लॅटिनकडून जसे घडीव शब्द घेतले तसे मराठीने संस्कृतकडून घेतले. आकार–आकृती, विकार–विकृती, संस्कार–संस्कृती या जोड्यांत ‘कार’ व ‘कृती’ यांचा पालट सीव्ह–सेप्शनप्रमाणेच नियमित आहे, आणि तेथे अर्थाचा धागाही बराचसा टिकून आहे. प्रकार–प्रकृती या जोडीत तो तुटला आहे. ‘करणे’ हा धात्वर्थ प्रकृतीच्या ‘तब्येत’ या मराठी अर्थापर्यंत कसाबसाच पोहोचतो. रूपांची जोडी मात्र तेथेही अभंग आहे.