श्रद्धेला हात लावणारं कलम दाखवा

‘हा कायदा आला, आता घरात सत्यनारायण घालायचीही चोरी. उद्या वारी बंद करतील.’ जादूटोणाविरोधी कायदा होऊन एक तप उलटून गेलं, तरी हे अजून ऐकावं लागतं. आणि सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो उघडूनही पाहिलेला नसतो.

आधी नाव तरी वाचा. ‘महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध घालण्याबाबत व त्यांचे समूळ उच्चाटन करण्याबाबत अधिनियम, २०१३’. यात अंधश्रद्धा हा शब्द नाही. कोणाची श्रद्धा डोळस आणि कोणाची आंधळी, हे ठरवायला कायदा बसलेलाच नाही. मनात काय मानावं हे स्वातंत्र्य संविधानाच्या कलम २५ नं दिलेलं आहे. शिक्षा कृत्याला आहे, आणि ती कृत्यं अनुसूचीत बारा मुद्द्यांत लिहून ठेवली आहेत. भूत उतरवायचं म्हणून माणसाला साखळीनं बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं. अमकी बाई करणी करते, तिच्यामुळे जनावरांचं दूध आटतं, असं उठवणं. गुप्तधनासाठी नरबळी देणं. यातलं काय तुमच्या देवघरात चालतं?

सापाचं घ्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं सोडले तर आपल्याकडे घराजवळ आढळणारे बहुतेक साप बिनविषारी. विषारी सापही प्रत्येक चाव्यात विष सोडतोच असं नाही. त्यामुळे मांत्रिकाकडे नेलेले बरेच जण वाचतात आणि श्रेय मंत्राला जातं. आजीचा त्या मंत्रावर विश्वास असेल, तर तिला कोणी हटकणार नाही. ती नातवाला घेऊन दवाखान्यात निघाली आणि प्रतिविषाच्या वाटेवर दोरा-गंडा घेऊन जो आडवा आला, ‘दवाखान्यात नेऊ नका, मी उतरवतो’ म्हणाला, तो गुन्हेगार. श्रद्धा आजीची आहे, गुन्हा त्याचा.

एवढ्यानं समाधान होत नसेल, तर कायद्यात काय-काय वगळलंय ते वाचा. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन, सण, मिरवणुका, घरातली नि प्रार्थनास्थळातली उपासना, कान टोचणं, जैनांचं केशलोचन, दिवंगत संतांचे चमत्कार सांगणं, हे सगळं. वास्तुशास्त्राचा सल्ला आणि नंदीबैलवाल्याचं भविष्यसुद्धा! माझ्या मते सूट जरा जास्तच दिली आहे, पण ती दिली आहे.

आता नेहमीचे बाकीचे आक्षेप. ‘फक्त हिंदूंसाठी आहे’ : बाबा असो, मौलवी असो की पाद्री, अनुसूचीतलं कृत्य केलं की गुन्हा, सूट मिळालेल्या जागांतही मंदिराबरोबर दर्गा, गुरुद्वारा आणि चर्च आहेत.

‘किरकोळ दंड भरून सुटतात’ : गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, सहा महिने ते सात वर्षं कैद, वर ५,००० ते ५०,००० रुपये दंड.

‘नुसती जाहिरात केली तर चालतं’ : प्रचार-प्रसारही गुन्हाच.

‘दाभोलकरांच्या खुनानंतर घाईघाईत केला’ : खून २० ऑगस्ट २०१३ चा, वटहुकूम त्याच महिन्यातला, हे खरं. पण आधीचं एक विधेयक विधानसभेनं २००५ सालीच मंजूर केलं होतं. ते विधान परिषदेत अडकलं. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं हेच सांगत फिरत होते, की हे देवाधर्माविरुद्ध नाही. डिसेंबर २०१३ मध्ये दोन्ही सभागृहांनी कायदा मंजूर केला, तेव्हा ते हयात नव्हते.