बीपीची गोळी बंद करण्याआधी हे समजून घ्या

प्रकाशा येथे तापी नदीवर बॅरेज आहे. दरवाजे बंद असले की मागे पाणी साठतं, उघडले की ते जोरात पुढे जातं. आपल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही असेच अतिसूक्ष्म दरवाजे असतात. विज्ञानात त्यांना आयन चॅनल म्हणतात.

या भिंतीतला स्नायू आपल्या मर्जीने हलत नाही. त्याच्या पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे 10 हजार पट जास्त असतं. कॅल्शियमचे चॅनल उघडले की ते आत शिरतं, स्नायू आवळतो, वाहिनी अरुंद होते आणि बीपी वाढतो. पोटॅशियमच्या चॅनलचं काम उलट आहे. त्यातून पोटॅशियम बाहेर पडलं की कॅल्शियमचे दरवाजे मिटू लागतात आणि स्नायू सैल होतो.

अनेकांना दिली जाणारी अ‍ॅम्लोडिपिन ही गोळी कॅल्शियमचे दरवाजे अडवते. मात्र ती रोग मुळापासून काढत नाही. गोळीचा असर ओसरला की दरवाजे पुन्हा उघडू लागतात. म्हणून "बीपी नॉर्मल आला, आता गोळी कशाला?" हा हिशेब चुकीचा आहे. बहुतेक वेळा तो गोळीमुळेच नॉर्मल असतो.

या गोळीचा असर 24 तासांहून जास्त टिकतो. त्यामुळे रमजानमध्ये ती इफ्तारनंतर किंवा सेहरीला घेता येते. वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा. घोट्यांवर सूज आली तर तो गोळीचा परिणाम असू शकतो. तेव्हाही गोळी परस्पर सोडू नका, डॉक्टरांना दाखवा, एवढंच आम्ही वाचकांना सांगू.