जुना मदरबोर्ड आणि नवे ग्राफिक्स कार्ड : मेळ कसा पाहावा?

आपल्या वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेल्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी आज संगणक आहे. त्यांतील बरेचसे संगणक कार्यालयांनी काही वर्षे वापरून बाजूला काढलेले, दुसऱ्या हाताने विकत घेतलेले असतात. लेखन, हिशेब आणि ऑनलाइन वर्ग यांसाठी ते पुरेसे ठरतात. मात्र मुलगा किंवा मुलगी वास्तुकला, अभियांत्रिकी किंवा ॲनिमेशनच्या अभ्यासक्रमाला गेली, की त्रिमितीय रेखाटनाची सॉफ्टवेअर वापरावी लागतात आणि ‘ग्राफिक्स कार्ड टाकून घ्या’ असा सल्ला मिळतो. पालक दुकानात जातात, तेव्हा त्यांना दोन परस्परविरोधी उत्तरे ऐकावी लागतात. एक विक्रेता सांगतो, की एवढ्या जुन्या मदरबोर्डावर नवे कार्ड चालणारच नाही, संपूर्ण संगणक बदला. दुसरा सांगतो, की स्लॉट तोच आहे, कोणतेही कार्ड न्या. पहिल्याचे ऐकल्यास नको तेवढा खर्च होतो आणि दुसऱ्याचे ऐकल्यास घेतलेले कार्ड कपाटात पडून राहण्याचा संभव असतो. जेथे कुटुंबाची महिनोन्‌महिन्यांची बचत पणाला लागते, तेथे या दोन्ही उत्तरांची शहानिशा करणे आवश्यक आहे.

स्लॉटची वाटचाल

मदरबोर्डावर बाहेरचे कार्ड बसवण्याची जी लांबट जागा असते, तिला स्लॉट म्हणतात. १९८१ मध्ये आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला, तेव्हा त्यात जो स्लॉट होता, तो पुढे ‘आयएसए’ या नावाने ओळखला जाऊ लागला. १९९२ मध्ये इंटेलने ‘पीसीआय’ ही रचना आणली. तिच्यातून सेकंदाला सुमारे १३३ मेगाबाइट माहिती जाऊ शके, पण ही क्षमता सर्व कार्डांना वाटून घ्यावी लागे. चित्रांचे काम वाढल्यावर ही वाट अपुरी पडली आणि १९९७ च्या सुमारास केवळ ग्राफिक्स कार्डासाठी राखलेला ‘एजीपी’ हा स्लॉट प्रचारात आला. एजीपीच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांचे व्होल्टेज भिन्न होते. त्यामुळे चुकीचे कार्ड बसू नये म्हणून स्लॉटमधील खाचेची जागा बदललेली असे.

२००३ मध्ये ‘पीसीआय एक्सप्रेस’चा आराखडा जाहीर झाला आणि आजही हीच पद्धत चालू आहे. येथे इतिहासातील स्पष्ट सीमारेषा आहे. ज्या मदरबोर्डावर केवळ पीसीआय किंवा एजीपी स्लॉट आहे, त्यावर आजचे कार्ड बसणार नाही. ज्यावर पीसीआय एक्सप्रेसचा लांब स्लॉट आहे, त्याबाबत मात्र ‘चालणारच नाही’ असे सरसकट म्हणता येत नाही.

पिढ्या आणि मार्गिका

पीसीआय एक्सप्रेसमध्ये माहिती अनेक समांतर मार्गिकांतून धावते. ग्राफिक्स कार्डाच्या लांब स्लॉटमध्ये सामान्यतः १६ मार्गिका असतात. पहिल्या पिढीत प्रत्येक मार्गिकेतून एका दिशेने सेकंदाला २५० मेगाबाइट माहिती जात असे. २००७ मधील दुसऱ्या पिढीत हा वेग ५०० मेगाबाइट झाला, २०१० मधील तिसऱ्या पिढीत सुमारे ९८५ मेगाबाइट झाला. पुढे २०१७ च्या चौथ्या आणि २०१९ च्या पाचव्या पिढीत तो प्रत्येक वेळी दुप्पट होत गेला. म्हणजे १६ मार्गिकांचा एकत्रित वेग दुसऱ्या पिढीत ८ गिगाबाइट, तिसरीत जवळजवळ १६ आणि चौथीत सुमारे ३२ गिगाबाइट भरतो.

ही रचना करताना जुन्या-नव्याचा मेळ राहील याची तजवीज केलेली आहे. संगणक सुरू होताच कार्ड आणि बोर्ड प्रथम पहिल्या पिढीच्या वेगाने एकमेकांशी संपर्क साधतात आणि मग दोघांनाही झेपेल असा सर्वांत मोठा वेग ठरवतात. चौथ्या पिढीचे कार्ड दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसवले, तर ते दुसऱ्या पिढीच्या वेगाने चालते. अगदी आरंभीच्या पहिल्या पिढीतील काही बोर्डांवर नंतरची कार्डे सुरू होत नाहीत, हा त्यातील अपवाद होय.

कार्ड स्वतः किती मार्गिका वापरते, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. २०२२ मध्ये आलेले एएमडीचे ‘रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी’ हे कार्ड चौथ्या पिढीचे आहे, पण ते केवळ ४ मार्गिका वापरते. चौथ्या पिढीच्या बोर्डावर त्याला सेकंदाला जवळजवळ ८ गिगाबाइटची वाट मिळते, तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर ४ आणि दुसऱ्या पिढीच्या बोर्डावर अवघी २ गिगाबाइटची. याउलट २०१९ मधील एनव्हिडियाचे ‘जीटीएक्स १६५०’ हे तिसऱ्या पिढीचे कार्ड १६ मार्गिका वापरते. त्यामुळे दुसऱ्या पिढीच्या बोर्डावरही त्याला ८ गिगाबाइटची वाट मिळते. म्हणून जुन्या बोर्डासाठी कार्ड निवडताना नंतरचे कार्ड अधिक चांगले, हे गृहीत धरता येत नाही.

ही वाट अरुंद झाल्याने प्रत्येक कामाचे सारखेच नुकसान होत नाही. त्रिमितीय दृश्याची अंतिम प्रतिमा तयार करताना माहिती बहुधा एकदाच कार्डाच्या स्मृतीत भरली जाते आणि पुढचे काम कार्डातच होते. दृश्य त्या स्मृतीत मावेनासे झाले, की मुख्य स्मृतीकडे वारंवार जावे लागते आणि मग स्लॉटचा वेग जाणवू लागतो. ‘६५०० एक्सटी’च्या सर्वसाधारण आवृत्तीत ४ गिगाबाइटच स्मृती असल्याने त्याची अडचण दुहेरी होते.

खरे अडथळे कोठे असतात?

बहुतेक वेळा कार्ड अडते ते स्लॉटमुळे नव्हे, तर पुढील चार कारणांनी.

पहिले कारण वीजपुरवठ्याचे. १६ मार्गिकांच्या स्लॉटमधून ग्राफिक्स कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळू शकते. त्याहून अधिक लागल्यास पॉवर सप्लायमधून स्वतंत्र जोडणी द्यावी लागते. ६ पिनांची जोडणी आणखी ७५ वॅट आणि ८ पिनांची १५० वॅट देते. कार्यालयीन संगणकांतील पॉवर सप्लाय बहुधा लहान असतो आणि त्यात अशी जोडणी नसते. अशा वेळी हार्ड डिस्कच्या ‘साटा’ वायरीवरून ६ पिनांची वीज घेण्याचा उपाय सुचवला जातो, तो टाळावा. साटा जोडणीची १२ व्होल्टवरील क्षमता ५४ वॅट आहे आणि कार्ड ७५ वॅट मागू शकते. वायर तापून वितळण्याचा धोका त्यात आहे.

दुसरे कारण जागेचे. कार्यालयीन संगणकांचे कॅबिनेट अनेकदा अरुंद असते. त्यात कमी उंचीचे, म्हणजे ‘लो प्रोफाइल’ कार्डच बसते. काही कार्डांची जाडी दोन स्लॉटइतकी असते आणि लांबी हार्ड डिस्कच्या खणाला अडते. विकत घेण्यापूर्वी पट्टीने मोजमाप घ्यावे.

तिसरे कारण बायोसचे. पडद्यावर पहिले चित्र उमटावे म्हणून कार्डात एक लहान प्रोग्राम असतो. जुने बोर्ड पारंपरिक बायोसवर चालतात, तर नवी कार्डे यूईएफआय पद्धतीसाठी बनवलेली असतात. दोहोंचा मेळ न बसल्यास पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. विंडोजमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून ‘बायोस मोड’ ही ओळ पाहावी. तेथे ‘यूईएफआय’ असल्यास ही शंका पुष्कळशी दूर होते. ‘लीगसी’ असल्यास मात्र बोर्डच जुना आहे असा निष्कर्ष लगेच काढू नये. विंडोज जुन्या पद्धतीने टाकलेली असली तरी तेच दिसते, म्हणून बोर्डाची माहितीपुस्तिका पाहावी.

चौथे कारण सॉफ्टवेअर आणि प्रोसेसरचे. कार्डाचा ड्रायव्हर आपल्या विंडोजच्या आवृत्तीसाठी उपलब्ध हवा. विंडोज ७ साठी आजच्या नव्या कार्डांचे ड्रायव्हर मिळत नाहीत. इंटेलच्या ‘आर्क’ कार्डांना पूर्ण क्षमतेने चालण्यासाठी ‘रिसायझेबल बार’ ही सोय लागते आणि ती बहुतेक जुन्या बोर्डांत नसते. शिवाय प्रोसेसर फार मंद असेल, तर वेगवान कार्डाला काम पुरवता पुरवताच तो थकतो.

व्यवहारात काय करावे?

दुकानात जाण्यापूर्वी बोर्डाचे नाव, प्रोसेसर, पॉवर सप्लायवर छापलेले वॅट आणि कॅबिनेटमधील मोकळी जागा कागदावर लिहून न्यावी. ‘सीपीयू-झेड’ या मोफत प्रोग्राममध्ये बोर्डाचे नाव दिसते. कार्ड बसवल्यावर ‘जीपीयू-झेड’मध्ये त्याला प्रत्यक्ष कोणती पिढी आणि किती मार्गिका मिळाल्या, हे दिसते. संगणक रिकामा असताना वीज वाचवण्यासाठी तेथे कमी वेग दिसतो. म्हणून कार्डावर काम चालू असतानाच तो आकडा वाचावा. बोर्डावर दोन लांब स्लॉट असल्यास प्रोसेसरच्या जवळचा स्लॉट वापरावा, कारण दुसऱ्यात पुष्कळदा ४ मार्गिकाच जोडलेल्या असतात.

अरुंद कॅबिनेट आणि लहान पॉवर सप्लाय असलेल्या संगणकासाठी ‘जीटी १०३०’ सारखे सुमारे ३० वॅटचे कार्ड सोयीचे असते. त्याची अपेक्षा मात्र माफक ठेवावी. याच नावाखाली दोन प्रकार विकले गेले आहेत. ‘जीडीडीआर ५’ स्मृतीच्या कार्डाचा स्मृतिवेग सेकंदाला ४८ गिगाबाइट आहे आणि ‘डीडीआर ४’च्या कार्डाचा सुमारे १७. खोक्यावरील ही ओळ वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मध्यम कामासाठी ‘जीटीएक्स १६५०’चा वेगळी वीजजोडणी न लागणारा प्रकार पाहावा. त्याचीही काही रूपे ६ पिनांची जोडणी मागतात.

आणि संगणक मुळात फाइली उघडतानाच रेंगाळत असेल, तर आधी एसएसडी आणि रॅम यांचा विचार करावा. अनेक घरांत तेवढ्यावरच काम भागते.

आपले अनेक माजी विद्यार्थी आज याच क्षेत्रात नोकरी-व्यवसाय करीत आहेत. त्यांना एक विनंती आहे. घरातील किंवा कार्यालयातील जुने, चालू स्थितीतील कार्ड धाकट्या भावंडांना देताना त्याचे पूर्ण नाव, लागणारी वीज आणि लांबी एका चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावी. गावाकडच्या पालकाला विक्रेत्यासमोर उभे राहताना त्या चिठ्ठीचा मोठा आधार होईल.