जास्वंद आणि कण्हेर : दोन झुडपे, दोन स्वभाव

नव्या घराचे बांधकाम संपत आले, कुंपणाची भिंत उभी राहिली, की घरातील मंडळींचे लक्ष मोकळ्या मातीकडे वळते. रोपवाटिकेत गेल्यावर दोन झुडपे हमखास पुढे केली जातात : जास्वंद आणि कण्हेर. दोन्ही स्वस्त, दोन्ही सदाहरित, दोन्हींना वर्षातील बहुतेक महिने फुले आणि दोन्ही फांदी लावून वाढणारी. रोपाची पिशवी हातात असताना दोहोंत फारसा फरक जाणवत नाही. बराचसा फरक पहिल्या उन्हाळ्यात आपोआप कळतो. परंतु एक फरक असा आहे, की तो रोप लावण्यापूर्वीच माहीत असायला हवा.

मूळ स्वभाव

जास्वंद ही कापूस आणि भेंडी यांच्या कुळातील वनस्पती. संस्कृतमध्ये तिला जपा म्हणतात. स्फटिकाशेजारी जपाकुसुम ठेवले की स्फटिक तांबडा भासतो, हा भारतीय तत्त्वज्ञानातील जुना दृष्टान्त याच फुलाचा. आशियातील उष्ण व दमट हवेत वाढलेल्या या झुडपाची पाने रुंद आणि पातळ असतात. त्यांतून पाण्याचे बाष्पीभवन वेगाने होते. त्यामुळे पाणी कमी पडताच जास्वंद दुपारी माना टाकते आणि पाणी मिळताच संध्याकाळी पुन्हा ताठ होते. तिची गरज ती लपवीत नाही.

कण्हेरीचे घराणे वेगळे. भूमध्य समुद्राच्या परिसरापासून दक्षिण आशियापर्यंत, वर्षाचा बराच काळ कोरड्या राहणाऱ्या ओढ्यांच्या काठी ती वाढत आली आहे. तिची पाने अरुंद, जाड आणि चामड्यासारखी चिवट असतात; बहुधा तीन-तीन पाने एका पेरावर येतात. पानांच्या खालच्या बाजूची श्वसनरंध्रे केसाळ खळग्यांत दडलेली असल्याने पाणी जपून वापरले जाते. मुळे खोल जातात. जपानमधील हिरोशिमा शहरावर 1945 मध्ये अणुबाँब पडल्यानंतर त्या भाजलेल्या भूमीवर जी झाडे लवकर फुलली, त्यांत कण्हेर होती. पुढे 1973 मध्ये त्या शहराने तिला आपले अधिकृत पुष्प म्हणून स्वीकारले. तिच्या चिवटपणाची याहून मोठी साक्ष सापडणे कठीण.

पाणी आणि माती

कुंडीतील जास्वंदीला उन्हाळ्यात रोज पाणी लागते. कडक उन्हात लहान कुंडीला कधी दोनदा. जमिनीत लावलेल्या जास्वंदीला दर दोन-तीन दिवसांनी भरपूर पाणी द्यावे. कुंडी किमान 12 इंचांची असावी. पाण्यात खंड पडला, की सर्वप्रथम कळ्या गळतात. कळ्या गळू लागल्या म्हणजे खत कमी पडले, असा समज करून घेऊन पुष्कळ जण खत वाढवितात. प्रत्यक्षात कारण बहुधा अनियमित पाणी, अतिउष्णता अथवा फुलकिडे यांपैकी असते. दुहेरी पाकळ्यांच्या संकरित जातींत ही तक्रार अधिक आढळते. साधी तांबडी देशी जास्वंद त्या मानाने सोशीक असते.

कण्हेरीला पहिले वर्षभर नियमित पाणी द्यावे. एकदा मुळे रुजली, की जमिनीतील झुडूप उन्हाळ्यातही दहा-पंधरा दिवसांनी मिळालेल्या पाण्यावर तग धरते. कुंडीत मात्र माती लवकर सुकत असल्याने तेथे दोन-तीन दिवसांआड पाणी हवेच. मे महिन्यात सारे कुटुंब पंधरा दिवस गावाला किंवा यात्रेला जाऊन परतले, तर अंगणातील कण्हेर फुललेली असते आणि कुंडीतली जास्वंद वाळलेली. दोघींच्या जमाखर्चातील हा पहिला मोठा फरक.

दुसरा फरक मातीचा. कोकणातील तांबडी, जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि ती जास्वंदीला फार मानवते. म्हणूनच तेथील अंगणात ती फारशी सेवा न घेता वाढते. सोलापूर, अहिल्यानगर, मराठवाडा या भागांतील काळ्या, चुनखडीयुक्त मातीत लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. येथे खड्डा दोन फूट खोल घेऊन त्यात कुजलेले शेणखत, पालापाचोळ्याचे खत आणि तांबडी माती भरणे हिताचे. स्फुरदाची खते जास्वंदीला बेतानेच द्यावीत. पालाश तिला अधिक उपयोगी पडते. कण्हेरीला चुनखडी, मुरूम, थोडी खारट जमीन यांपैकी कशाचेच वावडे नाही. पाणी साचणारी जागा मात्र दोघींनाही घातक.

ऊन, छाटणी आणि कीड

दोन्ही झुडपांना दिवसाचे निदान पाच-सहा तास थेट ऊन हवे. सावलीत पाने भरपूर येतात, फुले येत नाहीत. दोघींनाही नव्या फुटीवरच कळ्या येत असल्याने छाटणी टाळू नये. हिवाळा संपताना फांद्या एक-तृतीयांशापर्यंत छाटल्यास झुडूप डेरेदार होते. जास्वंदीचे प्रत्येक फूल साधारणतः एकच दिवस टिकते, पण रोज नवे येते. कण्हेरीची फुले गुच्छात येतात आणि गुच्छ अधिक दिवस शोभा देतो.

जास्वंदीचा कायमचा शत्रू म्हणजे पिठ्या ढेकूण. शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागले, की पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने ते धुऊन काढावेत. त्याबरोबर मुंग्यांची ये-जा थांबवावी, कारण या किडीचा गोड स्राव मिळावा म्हणून मुंग्याच तिचे रक्षण करतात. एवढ्याने न भागल्यास एक लिटर पाण्यात 5 मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि किंचित साबण मिसळून सायंकाळी फवारतात. कण्हेरीवर पिवळा मावा येतो. एका गडद तपकिरी फुलपाखराच्या अळ्याही तिची पाने खातात. काही दिवसांनी त्याच फांदीवर चांदीसारखे चकाकणारे कोष लोंबताना दिसतात. झुडपाला त्याने कायमची हानी होत नाही. पाने पुन्हा फुटतात.

कण्हेरीची दुसरी बाजू

येथवरचा हिशेब पाहता कण्हेरीचे पारडे जड वाटेल. महामार्गांच्या दुभाजकांवर तिची निवड होते ती याच गुणांमुळे : थोडे पाणी पुरते, धूळ व धूर ती सोसते, समोरच्या वाहनांच्या दिव्यांची तिरीप अडते आणि जनावरे तिला तोंड लावीत नाहीत. या शेवटच्या गुणामागेच तिचा दोष दडला आहे. कण्हेरीचे मूळ, खोड, पान, फूल, चीक, सारेच विषारी आहे. त्यातील ओलिअँड्रिन आदी द्रव्ये थेट हृदयावर परिणाम करतात. पूर्वजांना हे ठाऊक होते. संस्कृतमध्ये करवीर या नावाबरोबर तिला अश्वमारक, म्हणजे घोड्याला मारणारी, असेही नाव आहे. नावातच इशारा देऊन ठेवला होता. कण्हेर हे नाव उरले आणि इशारा विस्मरणात गेला.

केरळात 2024 च्या मे महिन्यात त्रावणकोर देवस्वम मंडळाने नैवेद्य आणि प्रसादात कण्हेरीची फुले न वापरण्याचा निर्णय घेतला, तो या विषाच्या धास्तीनेच. ज्या घरात पूजेची फुले आणि खाण्याचे पदार्थ एकाच ताटात ठेवले जातात, तेथे हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

कण्हेर लावायचीच असेल, तर काही पथ्ये न चुकता पाळावीत. छाटणी करताना हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत. छाटलेल्या फांद्या जाळू नयेत, कारण धूरही बाधतो. त्या गुरे-शेळ्या फिरतात तेथे टाकू नयेत : ओली पाने कडू असल्याने जनावरे टाळतात, परंतु वाळलेली पाने चाऱ्यात मिसळली तर खाल्ली जातात आणि त्यांचे विष वाळल्याने जात नाही. फुलदाणीतील पाणीसुद्धा मुलांच्या हाती लागू देऊ नये. पिवळ्या घंटेसारख्या फुलांची बिट्टी, जिला पिवळी कण्हेर म्हणतात, ती वेगळी वनस्पती; पण तिच्या बिया तितक्याच, किंबहुना अधिक घातक असतात आणि मुले त्या खेळायला वेचतात. कोणी चुकून पान, फूल वा बी चघळल्यास उलट्या, पोटदुखी, नाडी मंद वा अनियमित होणे ही लक्षणे दिसू शकतात. लक्षणांची वाट न पाहता, घरगुती उपाय न करता, रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि त्या झाडाची डहाळी पिशवीत घालून सोबत न्यावी.

निवड कशी करावी

रस्त्याकडेची मोठी कुंपणाची हद्द, गोदामाभोवतालची उघडी जागा, पाण्याची टंचाई आणि आसपास लहान मुले वा गुरे नाहीत, अशा ठिकाणी कण्हेर 4 ते 5 फुटांवर लावल्यास दोन-तीन वर्षांत दाट पडदा तयार होतो. दाराजवळ, गच्चीवर, ओसरीसमोर, जेथे नातवंडे खेळतात आणि घरातील कोणीतरी रोज तांब्याभर पाणी घालण्यास उभे असते, तेथे जास्वंदच योग्य.

जास्वंद रोजची थोडी सेवा मागते आणि एखाद्या दिवशी चुकले, तर माना टाकून लगेच सांगते. कण्हेर सेवा मागत नाही, सावधगिरी मागते, आणि चुकले तर आधी काही सांगत नाही. म्हणून रोपवाटिकेत रोपाचा भाव विचारण्यापूर्वी घरातील सर्वांत लहान मूल दिवसभर कोठे कोठे रांगते, याचा विचार आधी व्हावा. रोप कोठे लावायचे, हे त्यावरून ठरते.