स्वस्त किल्ली आणि खरा परवाना

संगणकाच्या व्यवहारात ‘किल्ली’ नावाची एक वस्तू असते. ती लोखंडाची नव्हे. पाच-पाचांच्या पाच गटांत मांडलेली २५ अक्षरे आणि आकडे, एवढेच तिचे रूप. संगणक चालविणारी जी मूळ आज्ञावली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, ती आपल्याकडे बहुधा मायक्रोसॉफ्ट कंपनीची ‘विंडोज’ असते. ही किल्ली घातली म्हणजे विंडोज ‘ॲक्टिव्हेट’ होते.

अधिकृत दुकानात हिला हजारो रुपये पडतात. इंटरनेटवरचे काही विक्रेते मात्र ती तीन-चारशे रुपयांत देऊ करतात. शाळेच्या तुटपुंज्या निधीतून संगणक चालविणाऱ्या गुरुजींना मोह पडला तर नवल नाही. परंतु एवढी स्वस्ताई येते कोठून, हे आधी पाहिले पाहिजे.

विंडोजचे परवाने मुख्यतः तीन प्रकारचे. पहिला नव्या संगणकाबरोबर येतो आणि त्याच यंत्राशी जखडलेला असतो. दुसरा किरकोळ विक्रीचा; तो एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर नेता येतो. तिसरा घाऊक, मोठी कंपनी किंवा विद्यापीठ आपल्या शेकडो यंत्रांसाठी तो एकत्र घेते. स्वस्त किल्ल्या पुष्कळदा या तिसऱ्या प्रकारातून बाहेर फुटलेल्या असतात. एकच किल्ली अनेकांना विकली जाते. काही किल्ल्या तर चोरलेल्या बँक-कार्डांवर घेतलेल्या असतात.

आता कोणी म्हणेल, “अहो, पण किल्ली लागली ना? संगणक चालतोय ना?” चालतो, बरं का! पण घराची किल्ली हाती आली म्हणून घर आपले होत नाही. त्याला खरेदीखत लागते. येथे खरेदीखत म्हणजे परवाना, आणि तो विकण्याचा अधिकार त्या विक्रेत्याला मुळात नसतो. कंपनीच्या ध्यानात आले की ती किल्ली बंद करते. घाऊक परवान्याच्या एका प्रकारात तर यंत्राला दर १८० दिवसांच्या आत संस्थेच्या सर्व्हरकडे हजेरी द्यावी लागते. ती चुकली की ॲक्टिव्हेशन संपते. तोवर विक्रेत्याचा पत्ता लागेलच असे नाही. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे आज्ञावलीची अनधिकृत प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा गुन्हा आहे. शाळेच्या दप्तरी असा खर्च लावणाऱ्या मुख्याध्यापकांनी एवढे लक्षात ठेवावे.

मग करावे काय? प्रथम आपल्या संगणकात सेटिंग्जमधील ‘ॲक्टिव्हेशन’चे पान उघडून पाहा. विकत आणलेल्या खाजगी यंत्रावर ‘तुमच्या संस्थेच्या सेवेद्वारे ॲक्टिव्हेट’ अशा अर्थाचा मजकूर दिसला, तर दुकानदाराला जाब विचारा. कंपनीने विंडोज घालून दिलेल्या अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपांत किल्ली यंत्रातच साठविलेली असते. तीच आवृत्ती पुन्हा घालताना नवी घ्यावी लागत नाही. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तथापि तिचा खरा परवाना असेल आणि यंत्र विंडोज ११ च्या कसोटीस उतरत असेल, तर ११ फुकट मिळते. नवा परवाना घ्यावयाचाच असेल तर अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलासह घ्या.

आणि पैसेच नसतील तर? तर ‘लिनक्स’ आहे. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने त्याचा आरंभ केला. उबुंटूसारखी त्याची रूपे विनामूल्य मिळतात, किल्ली लागत नाही आणि मराठीही लिहिता येते. केरळातील सरकारी शाळा वर्षानुवर्षे अशाच मुक्त आज्ञावलींवर मुलांना शिकवीत आल्या आहेत. तीनशे रुपयांची संशयास्पद किल्ली घेण्यापूर्वी, एखाद्या जुन्या यंत्रावर हा प्रयोग आपल्या शाळेत जरूर करून पाहावा.